अपंग कोण : मतदार की मतदानाची व्यवस्था?

१९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्यात विदर्भातील पाच मतदारसंघांत मतदान झाले. नागपूर आणि रामटेक हे त्यांपैकी दोन. योगायोग असा की, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा देशात अमलात आला तो १९ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे बरोबर सात वर्षे आधी. या कायद्याच्या अकराव्या कलमाने केंद्रीय निवडणूक आयोगावर आणि राज्यांच्या निवडणूक आयोगांवर दोन कर्तव्ये टाकली आहेत. प्रत्येक मतदान केंद्र अपंगांना पोचता येईल असे असले पाहिजे. आणि निवडणुकीसंबंधीचे सर्व साहित्य त्यांना सहज समजेल व वापरता येईल असे असले पाहिजे. ‘शक्य तेथे’, ‘निधी उपलब्ध असल्यास’ अशी पळवाट या कलमात ठेवलेली नाही. मतदानाच्या त्या दिवशी, जगातील सर्वांत कमी उंचीची महिला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या ज्योती आमगे यांची मतदान केल्याची छायाचित्रे देशभर झळकली. ती पाहून कोणाही लोकशाहीवाद्याला आनंदच व्हावा. परंतु छायाचित्र एका मतदाराचे असते, कायदा सर्वांचा असतो. सात वर्षांत त्या कायद्याने सर्वांच्या पदरात काय टाकले, हा प्रश्न छायाचित्राने मिटत नाही.

नागपूर शहराच्या दक्षिण सीमेवरचे हुडकेश्वर हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. ग्रामपंचायतीच्या कारभारात असलेले हे गाव शेजारच्या नरसाळ्याबरोबर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेत आले. शेतांचे ले-आउट पडले, भूखंड विकले गेले, नोकरदार, निवृत्त आणि हातावर पोट असणाऱ्या माणसांनी घरे बांधली. शहराच्या कडेच्या अशा वसाहतींत माणसे आधी येतात. रस्ता, नाली आणि शाळा मागाहून येतात. तेथे चालता न येणाऱ्या माणसाचा पहिला अडथळा मतदान केंद्राच्या दारात नसतो, तो स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापाशीच असतो. त्यातून मार्च ते मे हे नागपूरच्या उन्हाचे दिवस आणि लोकसभेच्या निवडणुकीचेही दिवस.

या गावाची आणखी एक गंमत आहे. विधानसभा मतदारसंघांच्या सीमा २००८ साली ठरल्या, त्या वेळी हुडकेश्वर शहरात नव्हते. त्यामुळे येथील नागरिक महानगरपालिकेसाठी नागपूरचा, विधानसभेसाठी कामठीचा आणि लोकसभेसाठी रामटेकचा मतदार ठरतो. घर तेच, माणूस तोच. पण त्याच्या तीन मतांवर दोन निरनिराळ्या आयोगांची सत्ता आणि दोन निरनिराळे कायदे. धडधाकट माणसाला हा भेद जाणवत नाही. अपंग मतदाराला तो कसा भोवतो, ते पुढे पाहता येईल.

त्याआधी मूळ प्रश्न. अपंगांच्या मतदानाचा विषय निघाला की आपल्याकडे दयेची भाषा सुरू होते. चाकाची खुर्ची, स्वयंसेवक विद्यार्थी, गुलाबाचे फूल, टाळ्या. या साऱ्यात वाईट काही नाही. पण यांतून जो विचार डोकावतो तो असा की, मतदानाची रीत ही योग्यच आहे आणि या रीतीत न बसणारा माणूस हा अपवाद आहे. त्याला हात देऊन वर घ्यायचा आहे. भारतीय प्रजासत्ताकाने आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक या विचाराने घेतली नव्हती, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

१९३५ च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मिळत असे. ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच मत, असा तो न्याय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३२६ व्या कलमाने ती मान्य केली. १९५१ च्या जनगणनेत शंभरांतील जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. अशा देशात मतपत्रिका वाचायची कोणी? ‘आधी शिका, मग मत द्या’ असे त्या वेळी सांगितले गेले असते तर ते अनेकांना शहाणपणाचेच वाटले असते. परंतु पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, पेटीवर निवडणूक चिन्ह लावले, आणि मतदाराला एवढेच सांगितले की, तुझ्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाक. निरक्षर मतदार बदलला नाही, मतपेटी बदलली. मतदार आणि मतदानाची रीत यांचा मेळ बसत नसेल तर दोष रीतीचा, मतदाराचा नव्हे, हे तत्त्व या देशाने १९५२ साली कृतीने मान्य केले. अपंग मतदाराची मागणी याहून अधिक काही नाही. निरक्षराला जो न्याय दिला तोच त्याला हवा आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांत महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार होत्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. म्हणजे खरी संख्या याहून मोठी असली पाहिजे. लहान मुले वजा केली तरी मतदानाच्या वयाच्या अपंगांची संख्या दीड कोटीच्या खाली येत नाही. आणि २०२४ ची निवडणूक जाहीर करताना आयोगाने मतदार यादीतील अपंग मतदारांचा आकडा सांगितला तो ८८ लाख ४० हजारांचा. उरलेले सारे यादीत नाहीतच असे नव्हे. पुष्कळांची नावे यादीत आहेत, पण ती अपंग म्हणून नोंदलेली नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा की, कोणत्या केंद्रावर अंध मतदार येणार, कोठे चाकाची खुर्ची लागणार, कोणाच्या घरी जावे लागणार, हे यंत्रणेला ठाऊकच नसते. ही नोंद आठव्या क्रमांकाच्या अर्जावर करून घ्यावी लागते. नाव ‘दिव्यांग’ झाले, महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. परंतु यादीतल्या त्या एका खुणेवाचून नव्या नावाने मतदाराचे काहीच भले होत नाही.

केंद्राच्या दारापर्यंतची गोष्ट तुलनेने सोपी आहे, आणि तिच्यात सुधारणा झाली हेही मान्य केले पाहिजे. तीही सहजासहजी झालेली नाही. २००४ च्या निवडणुकीत अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे मतदान केंद्रांवर लाकडी उतार बसवण्याचे आदेश निघाले. आज केंद्र तळमजल्यावर असावे, उतार असावा, असा आयोगाचाच दंडक आहे. पण उतार म्हणजे केवळ तिरकी ठेवलेली फळी नव्हे. एक फूट चढायचे तर बारा फूट लांबीचा उतार हवा, असे प्रमाण मानले जाते. आदल्या संध्याकाळी दोन पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून चाकाची खुर्ची वर जात नाही, ती मागे उलटते. शाळेत वर्षभर कायमचा उतार असता तर त्याचा उपयोग त्या शाळेतल्या अपंग मुलालाही झाला असता. मतदानापुरता उतार बांधणारे शासन पाच वर्षांतून एक दिवसच त्या मुलाला नागरिक समजते, असाच याचा अर्थ होतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले : सार्वजनिक जागा अपंगांना सुगम असण्याचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत.

खरा प्रश्न मतदान कक्षाच्या आत सुरू होतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-एन हा नियम अंध वा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील एक सोबती आत नेण्याची मुभा देतो. सोबत्याने मत गुप्त ठेवण्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते, आणि एका दिवसात त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येते. गठ्ठा मतदानाला आळा घालण्यासाठी ही अट आवश्यक होती हे उघड आहे. पण तिचा परिणाम पाहा. समजा, हुडकेश्वरच्या एखाद्या घरात आई आणि वडील दोघांचीही दृष्टी गेली आहे आणि मुलगा एकच आहे. नियमाप्रमाणे तो एक तर आईबरोबर आत जाईल, नाही तर वडिलांबरोबर. दुसऱ्याने शेजाऱ्याचा हात धरायचा आणि आपले मत त्याच्या कानात सांगायचे. मुलगा असला तरी काय? सून, मुलगा, भाऊ हे सोबती असतात तसे घरातले सत्ताधारीही असतात. घरातील सगळे एका पक्षाचे आणि आजी दुसऱ्या विचाराची, असे असू शकते, हे आपली व्यवस्था गृहीतच धरत नाही. तिने सांगितले तेच बटण दाबले गेले का, याचा पुरावा आजीजवळ राहत नाही. प्रतिज्ञापत्र असते, पण ते सोबत्याच्या हातचे असते.

या परावलंबनावर उपाय म्हणून मतयंत्रावर ब्रेल लिपीतील आकडे आले. २००४ साली आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत त्यांचा प्रयोग झाला आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत ते देशभर पोचले. ही मोठी सुधारणा होती. परंतु बटणाशेजारी ब्रेलमध्ये असतो तो केवळ अनुक्रमांक. कोणत्या क्रमांकावर कोण उमेदवार, हे ब्रेलमधील नमुना मतपत्रिकेवर आधी वाचावे लागते. ती मतपत्रिका केंद्रावर आहे हे मतदाराला ठाऊक असावे लागते, केंद्राध्यक्षाने ती आठवणीने हातात द्यावी लागते. शिवाय उतारवयात ज्यांची दृष्टी गेली त्यांतील फार थोड्यांना ब्रेल येते. पुढे मतपडताळणीचे यंत्र आले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व केंद्रांवर बसले. आपले मत योग्य ठिकाणी गेले की नाही हे मतदाराला कळावे, हा त्याचा उद्देश. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. ज्याला दिसतच नाही त्याने त्या सात सेकंदांत काय करायचे? यंत्राचा ‘बीप’ त्याला ऐकू येतो. मत पडले एवढे तो सांगतो, कोणाला पडले हे सांगत नाही. कानाला लावण्याचा ध्वनिसंच जोडून त्या चिठ्ठीवरचे नाव अंध मतदाराला ऐकवणे ही काही विज्ञानाला न पेलणारी गोष्ट नव्हे. ती झाली नाही, कारण यंत्र घडवताना पडताळणीचा हक्क सर्वांचा आहे असे म्हटले गेले आणि ‘सर्व’ याचा अर्थ डोळस असा धरला गेला.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर ठेवण्याचा आदेश दिला. त्याचा आधार कोणता होता? ज्याला एकही उमेदवार पसंत नाही त्यालाही आपला निर्णय गुप्त ठेवण्याचा अधिकार आहे. गुप्ततेवाचून मुक्त मतदान नाही. सर्वांना नाकारणाऱ्या मतदाराची गुप्तता इतकी मोलाची असेल, तर ज्याला कोणाला तरी निवडायचे आहे अशा अंध मतदाराची गुप्तता कमी मोलाची का, याचे उत्तर मिळाले पाहिजे.

घरबसल्या मतदानाची सोय ही अलीकडची आणि खऱ्या अर्थाने महत्त्वाची सुधारणा. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम बदलले. किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या आणि ८० वर्षांवरील मतदारांना टपाली मताचा पर्याय मिळाला; वृद्धांची वयोमर्यादा २०२४ मध्ये ८५ झाली. अधिकाऱ्यांचे पथक घरी येते, मत नोंदवून घेते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच देशभर दिली गेली. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही त्याच्यासाठी ही सोय म्हणजे नागरिकत्वाची परतफेडच होय. पण तीतही रीत आडवी येते. ‘१२-डी’ अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत पोचला पाहिजे. रामटेक आणि नागपूरसाठी अधिसूचना २० मार्च २०२४ रोजी निघाली. तेव्हा पाचवा दिवस आला २५ मार्चला. २३ आणि २४ हे शनिवार-रविवार, २४ ला होळी, २५ ला धुळवड. घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसाला याच पाच दिवसांत अर्ज, प्रमाणपत्र आणि सही या साऱ्यांची जुळणी करायची होती. मुदत चुकली की घरचे मत गेले. आणि ज्याने घरचे मत मागितले त्याला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. अर्ज वर्षभर घेऊन ठेवता येणार नाही का? ज्याचे अपंगत्व कायमचे आहे त्याने दर निवडणुकीला पुन्हा पाच दिवसांची शर्यत का धावावी?

केंद्रापर्यंत नेण्याच्या बाबतीत कार्यकर्त्यांच्या मनात मोठा गैरसमज आहे. मतदानाच्या दिवशी म्हातारी-अपंग माणसे रिक्षात घालून आणणे ही समाजसेवा, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (५) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने वा त्यांच्या संमतीने इतर कोणी मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी वाहन देणे हा भ्रष्ट आचार आहे, आणि तो सिद्ध झाल्यास निवडणूकच रद्द होऊ शकते. कायदा योग्य आहे. ज्याच्या गाडीतून मतदार येतो त्याच्या उपकाराचे ओझे त्याच्या बोटावर असते. म्हणूनच वाहन शासनाचे असले पाहिजे, आणि ते दर केंद्राला मिळाले पाहिजे. पक्षाची गाडी अपंगाला केंद्रापर्यंत पोचवते, पण मोकळ्या मनाने मत देऊ देत नाही. शासकीय गाडी मागणे हा त्याचा हक्क आहे आणि ती मिळवून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

आतापर्यंतचे अडथळे सोयींच्या अभावाचे होते. एका गटापुढे मात्र कायद्यानेच भिंत उभी केली आहे. घटनेच्या ३२६ व्या कलमात मताधिकार नाकारण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत मनोविकलता हे एक आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सोळावे कलम म्हणते की, जो विकल मनाचा आहे आणि सक्षम न्यायालयाने ज्याला तसे जाहीर केले आहे त्याचे नाव यादीत नोंदता येणार नाही. या वाक्यातला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी नाही, नातेवाइकाचे सांगणे पुरेसे नाही, रुग्णालयाच्या वहीतली नोंद पुरेशी नाही. न्यायालयाचा निर्णयच लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही स्पष्ट केले आहे की, एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. एवढे असूनही ‘त्याला काय कळते’ या तीन शब्दांनी घराघरांतून मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांची नावे यादीत जायची राहतात किंवा गेलेली निघतात. त्या तीन शब्दांना कोणत्याही न्यायालयाचा शिक्का नसतो.

मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्यांची अवस्था तर ‘ना घरचा ना घाटचा’ अशी. १९५० च्या कायद्याचे कलम २० (२) म्हणते की, मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहतो एवढ्याच कारणाने एखाद्याला तेथील रहिवासी मानता येणार नाही. नातेवाइकांनी घराच्या पत्त्यावरून नाव काढलेले, आणि रुग्णालयाचा पत्ता कायद्याला सहजी मान्य नाही. तरीही मार्ग नाही असे नाही. ‘एवढ्याच कारणाने’ या शब्दांत वाट आहे, आणि चेन्नईच्या किल्पौक येथील मानसिक आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये ती शोधली. तेथे दीडशेहून अधिक रुग्णांनी संस्थेतच उभारलेल्या केंद्रावर लोकसभेसाठी मतदान केले. आभाळ कोसळले नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे दीर्घकाळ राहणाऱ्या प्रत्येकाच्या मताची काय वाट लागली, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्याजोगा आहे.

हे केवळ भारतातले दुखणे नाही. हंगेरीत पालकत्वाखाली असलेल्या माणसाचे मत आपोआप काढून घेतले जात असे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये ते चूक ठरवले. स्पेनने २०१८ मध्ये कायदा बदलून सुमारे एक लाख नागरिकांना मत परत दिले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०१९ मध्ये अशीच बंदी घटनाबाह्य ठरवली. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अपंगांचे राजकीय हक्क एकोणतिसाव्या कलमात नमूद आहेत, आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली आहे. ‘त्याला कळत नाही, तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देईल’ हा आक्षेप नवा नाही. स्त्रियांबद्दल, दलितांबद्दल, निरक्षरांबद्दल, भूमिहीनांबद्दल तो अगदी याच शब्दांत घेतला गेला होता. दर वेळी तो घेणाऱ्यांची स्वतःची राजकीय समज कोणीही तपासली नव्हती.

आता हुडकेश्वरच्या तिसऱ्या मताकडे वळावे. घरबसल्या मतदानाची सोय ज्या १९६१ च्या नियमांत आहे ते नियम संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांपुरते आहेत. महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, वेगळ्या नियमांनी घेतो. म्हणजे जो अंथरुणाला खिळलेला नागरिक घरातून खासदार निवडू शकतो, त्याला नगरसेवक निवडण्यासाठी त्या नियमांचा काही आधार नाही. आणि पाणी, नाली, रस्ता, दिवा, शाळेचा उतार हे सारे ठरते ते नगरसेवकाच्या सभागृहात! शिवाय महानगरपालिकेत २०१७ पासून बहुतेक प्रभागांत चार सदस्य आहेत. मतदाराला चार जागांसाठी चार बटणे दाबायची असतात, तेथे मतपडताळणीची चिठ्ठीही नाही. डोळस मतदार जेथे गोंधळतो तेथे अंध मतदाराने सोबत्याला चार नावे सांगायची. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रशासकाच्या कारभाराची जवळजवळ चार वर्षे गेल्यावर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. इतक्या काळात राज्याला नियम सुधारण्यास वेळ नव्हता असे कोणाला म्हणता येईल? अकरावे कलम राज्य निवडणूक आयोगालाही नावानिशी बांधते. या बाबतीत दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय मुंबईला नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. एका मतासाठी पथक, गाडी, यंत्र, एवढा खर्च कशाला? याला उत्तर असे की, मताची किंमत खर्चाने ठरत नाही हा प्रौढ मताधिकाराचा पाया आहे. दुर्गम भागातील मूठभर मतदारांसाठी हेलिकॉप्टरने कर्मचारी नेले जातात तेव्हा त्याचा अभिमान बाळगणारा देश ले-आउटमधल्या अंथरुणापर्यंत जाताना हिशेब करू लागला, तर तो हिशेब पैशांचा नाही, माणसाच्या मोलाचा आहे. दुसरा आक्षेप गैरवापराचा. घरच्या मतदानात दबाव येईल, सोबती फसवेल, असे म्हणतात. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे मतदाराला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कानाने मत देता येईल असे साधन देणे. ज्याला परावलंबी ठेवले आहे त्याच्या परावलंबनाचे कारण सांगून त्याचे मत संशयित ठरवणे, हा उफराटा न्याय झाला.

आणि शेवटी पक्षांची गोष्ट. अकरावे कलम आयोगांना बांधते, पक्षांना बांधत नाही. म्हणूनच पक्षांनी आपल्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. किती पक्षांची कार्यालये तळमजल्यावर आहेत? किती जाहीरनामे ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित रूपात निघतात? किती सभांत व्यासपीठावर सांकेतिक भाषेचा दुभाषा उभा असतो? कर्णबधिर मतदार केंद्रावर विनासायास पोचतो, बटणही दाबतो. पण निवडणुकीत कोण काय म्हणाले हे त्याच्यापर्यंत कोणी पोचवलेलेच नसते. उमेदवारीबाबत तर बोलायलाच नको. अंध असलेले साधन गुप्ता १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्यातून कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. सत्तर वर्षांपूर्वी डाव्या चळवळीला जे सुचले ते आज समतेचे नाव घेणाऱ्या पक्षांना अपवादानेच सुचावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

कामाला आरंभ मात्र मोठ्या ठरावांनी होत नसतो. हुडकेश्वरसारख्या वस्तीतील शाखेने एका यादीभागापासून सुरुवात करावी. घरोघर जाऊन कोण अपंग मतदार आहे, त्याची खूण यादीत आहे की नाही, हे पाहावे; नसल्यास आठ क्रमांकाचा अर्ज भरून द्यावा. नाव काढण्यासाठी आलेल्या सात क्रमांकाच्या अर्जांवर नजर ठेवावी, आणि ‘मनोविकल’ म्हणून कोणाचे नाव निघत असेल तर न्यायालयाचा निर्णय दाखवा, असे लेखी विचारावे. निवडणुकीच्या आधी, निवडणुकीच्या दिवशी नव्हे, मतदान केंद्राच्या शाळेत जाऊन उताराची लांबी टेपने मोजावी. ब्रेल नमुना मतपत्रिका केंद्रावर होती का, वाहन आले का, याची नोंद मतदान प्रतिनिधीने ठेवावी. राज्य निवडणूक आयोगाकडे घरबसल्या मतदानाची आणि राष्ट्रीय आयोगाकडे ध्वनिसंचाची मागणी सह्यांनिशी पाठवावी. ही मागणी करताना तो मतदार कोणत्या पक्षाचा, हे विचारू नये. दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या अंध म्हातारीचे गुपित राखण्यासाठी जो कार्यकर्ता झगडेल, त्यालाच मताधिकाराचा अर्थ कळला असे म्हणता येईल.

१९५२ साली अक्षरशून्य माणसापुढे चिन्हाची पेटी ठेवून या प्रजासत्ताकाने त्याला सांगितले होते की, तू जसा आहेस तसा ये, व्यवस्था तुझ्याप्रमाणे होईल. तेच वचन आज हुडकेश्वरच्या चाकाच्या खुर्चीला, पांढऱ्या काठीला आणि मनोरुग्णालयाच्या खाटेला लागू आहे. ते पाळले जात नाही तोवर अपंग कोणाला म्हणायचे, याचा फेरविचार मतदाराने करण्याचे कारण नाही. तो निवडणूक घेणाऱ्यांनी आणि लढवणाऱ्यांनी करावा.